कामावरचा लाकडी पलंग

मित्रांनो, दवाखान्यासमोरच्या बसथांब्यावर जो जुना लाकडी बाक आहे ना, तो मी. हल्ली मात्र स्वतःला बाक म्हणवून घ्यायची मला लाज वाटते.

एक जुनी शाळा पाडली तेव्हा तिच्या तुळया सरपणात जाणार होत्या. एका सुताराने त्या मागून घेतल्या, रंधा मारला आणि मला घडवलं. "हे लाकूड आपल्यापेक्षा जास्त जगणार," असं म्हणून त्याने मला थोपटलं. मी भलताच फुशारलो.

माझ्यावर कोण नाही बसलं? रिपोर्टची वाट पाहणारे, बस चुकलेले, घरी भांडून आलेले. पण खरी मालकीण एकच, मावशी. समोरच्या इमारतींचे जिने ती सकाळी आणि संध्याकाळी पुसायची. पूर्वी तिचं घर इथेच मागे होतं. रस्ता रुंद करताना तिची अख्खी वस्ती शहराच्या पार टोकाला नेऊन टाकली. मधल्या वेळात घरी जाऊन यायचं म्हटलं तर सगळी दुपार बसमध्येच जायची. म्हणून ती पिशवी उशाशी घेऊन माझ्यावर आडवी व्हायची. तिच्या कंबरेने कधीच संप पुकारला होता.

"मावशी, स्लीपरचं तिकीट काढलंय ना?" कंडक्टर दारातून चिडवायचा.

"पास आहे माझा," ती डोळे न उघडता म्हणायची.

मग शहर सुंदर करायची योजना आली. नकाशा काढणाऱ्या साहेबांनी मला गाडीत बसूनच पाहिलं. बाकावर लोक झोपतात, ते बरं दिसत नाही, असं ठरलं.

एके सकाळी एक वेल्डर आला. त्याने लोखंडी नळीच्या दोन कमानी माझ्यावर आडव्या बसवल्या आणि माझे तीन खण केले. माणूस कामाला चोख. कुणाच्या हाताला लागू नये म्हणून त्याने नळ्या घासून गुळगुळीत केल्या. नट कुणी काढू नयेत म्हणून खालून वेल्डिंगचे टाके मारले, तेही माझं लाकूड जळू नये म्हणून ओलं फडकं लावून. मला वाटलं, म्हाताऱ्यांना उठताना आधार होईल.

तो हत्यारं आवरत होता, तेवढ्यात मावशी आली.

"आई? तू इथे कशी?" वेल्डर म्हणाला.

मावशीने पिशवी पदराआड लपवली. "अशीच आले."

"दुपारची पडत नाहीस का? कामावर लाकडी पलंग दिलाय म्हणालीस ना."

मावशी नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग त्यानेही माझ्याकडे बघितलं.

त्याने पाना काढला आणि गुडघे टेकून नट फिरवायला लागला. घामाघूम झाला, पण नट काही हलेना. त्याचेच टाके होते ते.

"ग्राइंडर घेऊन येतो, कापून टाकतो," तो म्हणाला.

"काही नको. आहे ते काम घालवून बसशील." ती मधल्या खणात ताठ बसली आणि नळीवरून हात फिरवत म्हणाली, "काम मात्र स्वच्छ केलंयस हो."

ते ऐकून त्याची मान जी खाली गेली, ती वर येईना. तो शेजारच्या खणात बसला. मायलेकांच्या मध्ये ती नळी होती, आणि ती माझ्या अंगावर होती. धरणीने मला पोटात घ्यावं असं वाटलं.

मावशी अजूनही येते. कंडक्टर आता चिडवत नाही, दुसरीकडे बघतो.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी शहरांचे नकाशे काढेल. रेघ मारण्याआधी एकदा भर दुपारी इथे या आणि माझ्यावर पाठ टेकून बघा. नाही जमणार. मधल्या खणात मावशी बसल्याबसल्या झोपलेली असेल, नळीवर डोकं ठेवून. तिला उठवू नका.