चार किटल्यांचं धुकं

एकोणीसशे अडुसष्ट साल. मार्गशीर्ष लागला होता आणि पन्हाळा धुक्यात बुडाला होता.

धुकं म्हणजे नुसतं पांढरं नव्हे. पहाटे ते निळं असे, निवत्या राखेसारखं. उजाडताना मोतिया होई. आणि उन्हाची पहिली तिरीप लागली, की क्षणभर त्यावर जुन्या चांदीची पिवळी झाक येई. तट त्यात विरून जात, बुरूज अधांतरी तरंगत, आणि सोमाळे तळ्याचं पाणी कुठं संपतं नि आभाळ कुठं सुरू होतं, हे तळ्यालाही ठाऊक नसे.

अशा धूसर, अशा संदिग्ध, अशा कशाचीच खात्री न देणाऱ्या सकाळी आम्ही चौघं तळ्याच्या पायऱ्यांवर जमत असू. महिन्यातून एकदा, शेवटच्या रविवारी. ज्याला त्या महिन्यात जो चहा सगळ्यात आवडला, तो त्यानं घरून करून आणायचा आणि चौघांनी मिळून प्यायचा. आम्ही त्याला म्हणत असू ‘महिन्याचा चहा’, आणि आम्हा चौघांना ‘मंडळ’.

आनंदराव पिसाळ वनखात्यात रेंजर. सागासारखा उंच, सागासारखाच अबोल माणूस. बायको जाऊन अकरा वर्षं झालेली. सुभद्राबाई मेथे सरकारी दवाखान्यातल्या नर्स. बाविसाव्या वर्षी त्यांचं कुंकू पुसलं गेलं, आणि मग पंचवीस वर्षं गडावरची निम्मी पोरं त्यांच्याच हातांनी या जगात आली. दस्तगीर मास्तर शिकलगार, शिंपी. बोटात सुई आणि तोंडात सदा एक टोमणा. आणि चौथी मी, शालन. मुलींच्या शाळेतली तरुण मास्तरीण, सुभद्राबाईंच्या मागच्या खोलीतली भाडेकरू. त्यांना मी आक्का म्हणे.

किती चहा प्यायलो आम्ही त्या पायऱ्यांवर! श्रावणातला हिरव्या पात्यांचा गवती चहा, ओल्या कुरणाच्या श्वासासारखा. आश्विनातला तुळशीचा, मंजिऱ्यांच्या मंद उग्र वासाचा. पौषातला गुळाचा, सोनेरी, जिभेवर मधासारखा रेंगाळणारा. ऋतू बदलत, आणि आमच्या चार कपांत तो बदल आधी उतरे, झाडांवर नंतर.

पण पहिल्याच वर्षी भांडण झालं होतं. आनंदरावांच्या चहाला मास्तर ‘जुलाबाचा काढा’ म्हणाले आणि दोन महिने दोघांची बोलाचाली बंद. तेव्हा नियम झाले. कोल्हापुरातून चार एकसारख्या किटल्या आल्या. मास्तरांनी उरल्यासुरल्या चिटाची चार एकसारखी झबली शिवली, दुहेरी कापडाची, आत कापूस भरलेली, म्हणजे चहाही निवू नये आणि किटलीही ओळखू येऊ नये. चहा कुणाचा हे विचारायचं नाही. कधीच नाही. आवडता कुठला ते मात्र प्रत्येकानं सांगायचं, आणि स्वतःचा सांगायचा नाही. पिण्याआधी एकानं किटल्यांच्या जागा बदलायच्या, बाकीच्यांनी तळ्याकडे बघायचं.

भांडण मिटलं. नियम राहिले. देवघरातल्या सोवळ्यासारखे कडक राहिले.

त्या मार्गशीर्षात आनंदराव निवृत्त झाले. सरकारी बंगली रिकामी करायची होती. आजऱ्याला पुतण्या होता, त्याच्याकडे जायचं किंवा गडावरच राहायचं. आणि गडावर राहायचं तर एकाच कारणानं. ते कारण त्यांनी दिवाळीनंतर एका संध्याकाळी, दवाखान्याच्या फाटकाशी, टोपी हातात धरून सुभद्राबाईंना सांगितलं होतं.

आक्कांनी उत्तर दिलं नाही. गाव लहान, भिंती पातळ, निपाणीचे दीर तापट. आणि ज्या ओठांनी पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या बायकांना धीर दिला, ते ओठ स्वतःसाठी उघडेनात.

“तोंडानं नको,” त्या म्हणाल्या होत्या. “महिन्याच्या चहात सांगीन. वेलदोडा म्हणजे हो. सुंठ म्हणजे नाही.”

हे मला त्यांनीच सांगितलं, आदल्या दिवशी, नाक पुसत. धुक्यानं त्यांना पडसं झालं होतं. डोळे गुलाबी, आवाज घोगरा. मी विचारलं, “मग काय घालणार, आक्का?”

“दार लाव जाताना,” त्या म्हणाल्या. चहा करताना दुसऱ्यानं बघायचं नाही, हाही नियमच होता.

मी दार लावलं. आतून खलबत्त्याचा आवाज आला. टक्. टक्. टक्. काय कुटलं जात होतं, ते त्या आवाजाला सांगता येत नव्हतं.

वेलदोडा म्हणजे हो. सुंठ म्हणजे नाही. किती सोपं, किती निर्मळ! आणि दोघांनाही, इतकी वर्षं इतका चहा प्यायलेल्या त्या दोन शहाण्या माणसांनाही, एवढं सुचलं नाही, की किटल्या चार असतात आणि चहा कुणाचा हे कुणी सांगत नसतं.

रविवार उजाडला. उजाडला म्हणायचं, इतकंच. चार झबली धुक्यातून येऊन पायरीवर बसली, चार लालबुंद तान्ह्या बाळांसारखी. जागा बदलायची पाळी माझी होती. मी ही इकडं केली, ती तिकडं केली, आणि तिसऱ्या फेरीला माझं मलाच कळेना कुठली कुणाची.

पहिली किटली माझीच निघाली. गवती चहा, हिरवट, कोवळा. दुसरी आनंदरावांची, कोरा, करडा, तीन दगडांच्या चुलीची आठवण देणारा. तिसरी ओतली आणि कपावरून एक उष्ण, सुगंधी, राजस वाफ उठली.

वेलदोडा!

आनंदरावांनी कप नाकाशी नेला. इतका वेलदोडा, इतका उधळलेला, की धुक्यालासुद्धा त्याचा वास लागला. त्या उंच, अबोल माणसाचा चेहरा आतून कुणी समई लावावी तसा उजळत गेला.

मग मी चौथी किटली ओतली.

सुंठ. तिखट, कोरडी, घशाला धरणारी सुंठ.

समई विझली नाही, पण तिची ज्योत भेलकांडली. ते एकदा या कपाकडे बघत, एकदा त्या कपाकडे. एक मास्तरांचा, एक तिचा. कुठला मास्तरांचा? कुठला तिचा? विचारता येत नव्हतं. मास्तरांकडे बघावं, तर ते मिटल्या डोळ्यांनी चारी कप सारख्याच समाधानानं संपवत होते. तिच्याकडे बघावं, तर रुमालाआड फक्त दोन गुलाबी डोळे. मीही गोंधळले. तळंही गोंधळलेलं, एका काठाला लागत होतं, दुसऱ्याला लागत नव्हतं.

“बोला आता,” मास्तर म्हणाले. “मला तो कोरा. घोड्याच्या नालेला गंज लावंल असा आहे, पण आपल्याला आवडला.”

“वेलदोड्याचा,” मी म्हणाले.

आनंदरावांनी तो कप पुन्हा हातात घेतला. मग तळ्याला सांगावं तसं म्हणाले, “वेलदोड्याचा.”

उरल्या आक्का. त्यांना आधी दोन शिंका आल्या. मग घोगऱ्या आवाजात, सरळ, साध्या मनानं त्या म्हणाल्या, “मला सुंठेचा. नाकाला पार कुलूप लागलंय हो. तेवढाच एक घशाला कळला, बाकी सगळं गरम पाणी.”

सुंठ.

तो शब्द धुक्यात पडला आणि बुडाला. आनंदरावांनी कप खाली ठेवला, टोपी घातली, “अकराची गाडी आहे,” म्हणाले, आणि आपली किटली उचलून चालू लागले. चार पावलांत धुक्यानं त्यांना पुसून टाकलं.

“ह्याला काय झालं?” मास्तर म्हणाले. “माझ्या तोंडची तारीफ सोसली नाही, वाटतं.”

आक्का रिकाम्या कपाकडे बघत राहिल्या. मग हाताला लागली ती किटली घेऊन घराकडे वळल्या. मास्तरांनीही एक उचलली.

मी मात्र तिथंच बसले. काहीतरी चुकलं होतं. कुठं, ते सापडत नव्हतं. मनातही धुकंच. आणि मग धुक्यातून बुरूज दिसावा तसा तो नियम दिसला, आणि मी पळत सुटले.

बंगलीत ट्रंक नव्हती, ती आधीच गाडीकडे गेली होती. आनंदराव वळकटी आवळत होते.

“काका, स्वतःचा चहा आवडता म्हणून सांगायचा नाही!”

“बरं मग?”

“आक्का सुंठेचा म्हणाल्या.”

“ऐकलं की. दोन कान हायत मला.”

“अहो, म्हणजे सुंठेचा त्यांचा नव्हेच!”

ते वळकटीवर बसले. ओठ हलत राहिले, बोटं हिशेब करत राहिली. “तिनं सुंठ म्हटलं... म्हणजे सुंठ न्हाई... सुंठ म्हणजे न्हाई, म्हणजे न्हाई न्हाई... थांब पोरी. परत सांग.”

मी परत सांगितलं. पुन्हा एकदा सांगितलं. मग ते उठले आणि टोपी विसरून चालू लागले. मागं मी.

आक्कांच्या दाराशी ते उभे राहिले. आत स्टोच्या कडेला ती किटली, अजून झबल्यात.

“तुमचा कुठला होता?”

आक्कांचा चेहरा कानापर्यंत तांबडा झाला. “विचारायचं न्हाई, ठरलंय.”

“मी मंडळ सोडलं. आत्ता. ह्या पोरीसमोर. आता मंडळातला न्हाई, आता विचारतो.”

त्या फक्त म्हणाल्या, “बसा. उरलाय थोडा.” आणि किटलीतला चहा पातेल्यात ओतून स्टोवर ठेवला, अशा हातांनी, की जणू ते पातेलं नव्हतं, नवजात श्वास होता. गाळला. कप पुढं केला. स्वतः भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, पदर मुठीत धरून.

वाफ उठली. ती माझ्यापर्यंत आली.

सुंठ.

किटल्या चार, झबली एकसारखी, आणि नाकाला कुलूप. त्यांनी मास्तरांची किटली घरी आणली होती, हे त्यांना कसं कळावं? आणि हे मला त्या क्षणी तरी कुठं कळलं! मला वाटलं, आक्कांनी नियम मोडला. मला वाटलं, मीच या माणसाला हाताला धरून पुन्हा एकदा ‘नाही’ ऐकायला आणलं.

आनंदरावांनी तो कप संपवला. शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. चेहरा उन्हाळ्यातल्या माळासारखा, सपाट, शांत. खालून गाडीचा हॉर्न आला, एकदा, मग लांबवर दुसऱ्यांदा.

“येतो,” ते उठत म्हणाले.

“कसा झाला होता?” आक्कांचा आवाज ऐकूही येईना.

“झकास. सुंठ चांगली लागली होती.”

“काय लागली होती?”

“सुंठ.”

आणि मग ते पंचवीस वर्षांचं मौन, ती सगळी गावाची, दिराची, भिंतींची भीती एका झटक्यात बाजूला पडली, आणि एका चहाबाज बाईचा निखळ संताप उफाळून आला.

“सुंठ? माझ्या चहाला सुंठ? आवं, नऊ वेलदोडे कुटलेत मी त्यात! एरवी दोन घालते, मोजून नऊ घातले! जिभेला काय झालंय तुमच्या? नऊ वेलदोडे आणि म्हणे...”

त्या थांबल्या.

स्टो फुरफुरत राहिला. बोललेलं बोलून गेलं होतं. ते आता परत घेता येत नव्हतं, आणि घ्यायचंही नव्हतं. आनंदराव खाली बसले, जिथून उठले होते तिथंच, अगदी सावकाश. आणि अकराची गाडी त्यांची ट्रंक टपावर घेऊन, त्यांच्याशिवाय, घाट उतरून गेली.

मी दार लावलं आणि बाहेर पायरीवर बसले. आत कुणीतरी स्टो बंद केला. बऱ्याच वेळानं आनंदराव म्हणाले, “पण मग सुंठ कुणाची हो?” आणि आक्का हसल्या. इतक्या वर्षांत मी ते हसू ऐकलं नव्हतं.

ट्रंक आजऱ्याला जाऊन आठ दिवसांनी परत आली. वैशाखात कोल्हापुरात रजिस्टर लग्न झालं. निपाणीच्या दिरांचं एक जळजळीत पत्र आलं, नंतर त्यांनी नातंच तोडलं.

दस्तगीर मास्तर त्या रविवारी घरी गेले, किटलीतला उरलेला चहा प्यायले, आणि सुंठ घातलेल्या आपल्या चहाला वेलदोड्याची चव कशी, या कोड्यात बुडाले. पण चहा कुणाचा हे विचारायचं नाही, म्हणून त्यांनी कुणाला विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही. पुढं ते लेकाकडे मिरजेला गेले आणि तिथंच वारले. अखेरपर्यंत सुनेला सांगत, “बेटी, माझ्या जिभेचा भरवसा धरू नको.”

माझी बदली झाली, इस्लामपूरला लग्न झालं, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन मी घरी बसले. एकदा आक्कांना विचारलं होतं, नऊ कशाला, एक पुरला असता की. त्या म्हणाल्या, “एक घातला, वाटलं कळणार न्हाई. दुसरा घातला, वाटलं चुकतंय आपलं. असं करत नऊ झाले.” तो निश्चय होता की घालमेल, हे मला आज ब्याऐंशीव्या वर्षीही नीट उमगलेलं नाही.

सोळा वर्षं ती दोघं त्या घरात राहिली. पंच्याऐंशी साली आनंदराव गेले. त्यानंतर आक्का नऊ वर्षं एकट्या होत्या. मी शेवटची भेटायला गेले, तो रविवार होता, लख्ख उन्हाचा. अंगणातल्या दोरीवर एक लुगडं वाळत होतं, आणि त्याच्या शेजारी नऊ वर्षं कुणीही न घातलेला, तरी दर रविवारी धुतला जाणारा एक खाकी सदरा. वारा आला, की सदऱ्याची रिकामी बाही लुगड्याच्या पदराला लागे. लागे, सुटे. आणि पुन्हा लागे.