एसटीपायी वाढलेलं वय

आमच्या ह्यायचं खरं वय साठ. आधार कार्डावर मात्र अठ्ठ्याहत्तर होतं. मधली अठरा वर्षं कुठून आली ते मीच सांगते, कारण हे जलमात सांगणार नाहीत.

दोन वर्षांमागची गोष्ट. पंच्याहत्तरी झाली का एसटी फुकट, हे ह्यायच्या कानावर आलं अन् त्याच हप्त्यात देऊळघाटात आधारचा कॅम्प लागला. आमचे उकंडराव तिथं काठी टेकत गेले. काठी शेजाऱ्याची. मशीनवाल्यानं ह्यायची पांढरी दाढी पाह्यली, थरथरता हात पाह्यला अन् ह्यायनं सांगतलं ते साल भरून दिलं. मले घरी आल्यावर समजलं, तोवर माहा नवरा म्हातारा होऊन बसला होता.

तेव्हापासून दर मंगळवारी हे दुसरबीडले जातात. आमची लेक डिंपल तिथं दिलेली आहे. बस दिसली का ह्यायची कंबर वाकते अन् खोकला लागते. बस गेली का हाच माणूस सोयाबीनचं पोतं पाठीवर घेऊन चालते. एकदा मी सोबत गेली, तर महादेवराव कंडक्टर म्हणे, "आजोबा फुकट, लेकीचं अर्धं तिकीट." लेक म्हणजे मी. अन् हे खिडकीकडे तोंड करून हसत बसले. मी आठ दिवस ह्यायले बिनमिठाची भाजी वाढली.

आता मुद्द्याचं सांगते. आमची पाच एकर जमीन अन् एक विहीर. ह्यायची अन् पुंजाजीभाऊजीची वाटणी झाली तेव्हा विहीर आमच्याकडे आली अन् मोटारीचा विजेचा खांब भाऊजीकडे गेला. दोन वर्षं कोणाच्याच वावराले पाणी भेटलं नाही. भाऊजी अजून मी समोर दिसली का सोताच्या चपलेकडे पाहत निघून जातात. सख्खे भाऊ, एका ताटात जेवलेले. माह्या पोराचं, शेखरचं अन् डिंपलचं असं होऊ नये, एवढंच मले पाहिजे होतं. शेखर ह्यायच्यासंगं वावरात राबते. डिंपलचा हक्क कायद्यानं बराबरीचा. ती मागत नाही, पण उद्याचं कोणी पाह्यलं? अन् पाच एकराचे दोन तुकडे केले तर ट्रॅक्टर वळवाले दुसऱ्याच्या वावरात शिरावं लागन.

ह्यायच्या ओळखीच्या, बुलढाण्याच्या वहाबभाईचा पोरगा वकार विम्याचं काम करते. तो एक दिवस घरी आला, चहा घेतला अन् म्हणे, "चाची, वावर शेखरले ठेवा. चाचाचा विमा काढा. जमीन शेखरले भेटून राह्यली, तर हप्ता त्यानंच भरावा. चाचाच्या मागं विम्याचा पैसा डिंपलबाईले. मृत्युपत्रात तसं लिहून ठेवा. वावर अख्खं, बहीणभाऊ अख्खे."

मले तर त्याची दृष्ट काढावी वाटली. हे म्हणे, "म्हणजे मी मेल्यावर?"

"हाव चाचा."

"अन् नाही मेलो तर?"

वकार माह्या तोंडाकडे पाहाले लागला. त्याचाही दोष नाही. ह्यायच्या मायची आधीची तीन लेकरं गेली होती, म्हणून ह्यायले जलमल्याबरोबर उकिरड्यावर लोळवून नाव ठेवलं उकंड. असं लेकरू यमाले नको असते म्हणतात. तेव्हापासून ह्यायले वाटते, मरण हे दुसऱ्याच्या घरचं काम आहे.

मग वकारनं आधार कार्ड मांगतलं. पाह्यलं, चष्मा पुसला, परत पाह्यलं. "चाचा, अठ्ठ्याहत्तर? ही पॉलिसी पासष्टच्या आतल्यालेच भेटते."

माह्या डोक्यात तिडीक गेली. वकार गेल्यावर मी म्हणलं, "शाळेचा दाखला आणा अन् खरं वय लावून घ्या जी."

"मंगळवार बंद होईन ना मंग."

"तिकीट काढून जा. तेवढं काय महाग आहे?"

"तसं नाही वं," हे खाली पाहत म्हणे. "फुकट आहे म्हणून जातो, असं सांगता येते. जावईही हसते, म्हणते मामाले एसटीचा नाद लागला. पैसे भरून दर मंगळवारी गेलो तर म्हणन, बुढ्याचा पोरीच्या संसारावर डोळा आहे. मले तिले पाह्यल्याशिवाय करमत नाही, हे काय सांगाची गोष्ट आहे?"

अठ्ठावीस वर्षं संसार केला, हे मले ठाव नव्हतं. मले वाईट वाटलं, पण मी सोडलं नाही. म्हणलं, "ज्या लेकीले पाह्यले जाता, तिले उद्या तिचा भाऊ रस्त्यात ओळखणार नाही. पुंजाजीभाऊजीसारखा चपलेकडे पाहत जाईन. चालन का?"

हे ताटातली भाकर तशीच ठेवून उठले. दुसऱ्या दिवशी सोताच शाळेत जाऊन दाखला काढून आणला अन् अर्ज देऊन आले. सोमवारी आधारात वय साठ झालं.

मंगळवारी बुलढाण्याले डॉक्टरची तपासणी होती. वकारनं सांगतलं होतं, चाचाले जरा नीटनेटकं आणा. मी दाढी काढाले लावली, केसाले कलप लावला. लग्नातला माणूस समोर उभा राह्यला, मलेच लाजल्यासारखं झालं. पण दवाखान्याचा जिना दिसला अन् ह्यायची कंबर वाकली. सवयच ती. वर खोकतच गेले.

डॉक्टर म्हणे, "हा खोकला किती दिवसांचा?"

"बस दिसली का येते साहेब," मी म्हणलं.

डॉक्टरचा पेन थांबला. मी टेबलाखालून ह्यायच्या मांडीले असा चिमटा काढला का हे ताडकन सरळ झाले. मग डॉक्टरनं छाती ऐकली, रक्त घेतलं, जिना दोनदा चढाले लावला. हे दोन्ही वेळा पळत आले. डॉक्टर म्हणे, "यांना काही होत नाही." वकारनं खालीच फारम भरला.

घरी याले देऊळघाटची बस धरली, तर आत महादेवराव कंडक्टर. हे पह्यल्यांदा सरळ कमरेनं बसमध्ये चढले अन् नोट काढून म्हणे, "एक फुल, एक महिला."

महादेवराव ह्यायच्या तोंडाकडे पाहत राह्यले. "तुमी देऊळघाटच्या आजोबाचे कोण? नाक तेच आहे."

हे म्हणे, "पोरगा."

"आजोबा कसे आहेत? आज मंगळवार, तरी दिसले नाहीत."

ह्यायनं खिडकीबाहेर पाह्यलं. "गेले."

महादेवराव मशीन मांडीवर ठेवून समोरच्या सीटवर बसले. "अरे अरे. कधी?"

"काल. सोमवारी."

"अन् तुमी आज फिरून राह्यले?"

"कागदाचं काम होतं."

"लय साधा माणूस," महादेवराव म्हणे. "लेकीसाठी भुईमुगाच्या शेंगा न्याचे, मलेही मूठभर देत. मागं काही वाटणीचं भांडण-बिंडण?"

"नाही. जमीन मले, विम्याचा पैसा बहिणीले. समदं लिहून ठेवलं होतं त्यायनं."

"शहाणा माणूस. अन् त्या लेकीकडे आता मंगळवारी कोण जाईन?"

हे म्हणे, "मी जाईन. तिकीट काढून."

मले हसू येऊन राह्यलं होतं, म्हणून पदर तोंडाले लावला, तर डोळ्यातून पाणीच सुटलं. नवरा बाजूले बसलेला, जिता, मांडीवर माह्या चिमट्याचा डाग असलेला, अन् मी बसभर लोकायसमोर त्याच्यासाठी रडून राह्यली होती. मागच्या बाईनं पाण्याची बाटली देल्ली.

"नका रडू सुनबाई," महादेवराव म्हणे. "सासऱ्यावर लय जीव होता वाटते तुमचा."

मागल्या खेपेले लेक झाली होती, आता सून झाली. पण ह्या वेळी राग आला नाही.

"हाव जी," मी म्हणलं. "लय आहे."