पाचव्या लेनचा दोर

मित्रांनो, पोहायला शिकताना तुम्ही ज्याला सगळ्यात आधी मिठी मारता आणि पोहता यायला लागल्यावर ज्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, तो मी. परळच्या एका तलावात चौथी लेन कुठे संपते आणि पाचवी कुठे सुरू होते, हे दाखवणारा जुना दोर. वय अठरा वर्षं. दोराच्या हिशेबाने मी केव्हाच पेन्शनीत निघायला हवा होतो, पण अजून रोज पहाटे साडेपाचला पाण्यात हजर असतो.

माझा जन्म चिंचपोकळीच्या एका लहानशा कारखान्यातला. एक पोलादी तार आणि तिच्यात ओवलेल्या प्लास्टिकच्या शेकडो चकत्या, एवढंच माझं शरीर. टोकांना लाल, मधे निळ्या-पांढऱ्या. ओवणाऱ्या बाई गप्पांत रंगल्या असाव्यात, कारण मधल्या निळ्या चकत्यांत त्यांनी एक लाल चकती घालून ठेवली. नेमकी पंधराव्या मीटरवर. तिथेच आमच्या तलावाचा तळ एकदम खाली जातो. त्यामुळे लोकांना वाटतं, धोक्याची खूण म्हणून ती मुद्दाम घातली आहे. मीही कधी खुलासा केला नाही.

सुरुवातीची वर्षं मोठ्या मानाची होती. दसऱ्याला मला हळदकुंकू लागायचं. मग टाळेबंदी आली आणि मला वेटोळं करून गॅलरीत टाकलं. दोन वर्षं कुणी विचारलं नाही. एक मांजरी माझ्यावरच व्याली आणि तिची तीन पिल्लं माझ्या चकत्या कुरतडत मोठी झाली. खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत मी फार खचलो होतो.

तलाव पुन्हा उघडला तेव्हा सकाळच्या बॅचला वेगळीच माणसं आली. सगळी पन्नाशी-साठी ओलांडलेली. कुणाचे गुडघे दुखत होते, कुणाला डॉक्टरांनी धाडलं होतं. त्यांच्यात होत्या बकुळाताई. नायगावच्या बीडीडी चाळीत संसार केलेल्या, रुग्णालयात परिचारिका म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेल्या. साठाव्या वर्षी त्या पहिल्यांदा पाण्यात उतरल्या.

आमच्याकडे एक नियम आहे. दोर न धरता पंचवीस मीटर, म्हणजे तलावाची पूर्ण लांबी पार केली, तरच खोल बाजूला पोहण्याचा पास मिळतो. बकुळाताईंनी चार वर्षांत चार परीक्षा दिल्या. चारही वेळा पंधरा मीटर छान यायच्या, ती लाल चकती दिसली की खालचा काळोख बघायच्या आणि त्यांची बोटं माझ्यावर मिटायची. ती पकड मला पाठ झाली होती.

त्यांची बॅचमधली मैत्रीण तुळसाबाई वरळी कोळीवाड्यातली, दादरच्या बाजारात मासे विकणारी. समुद्रात वाढलेली बाई, तिला तलाव म्हणजे बादली. ती एकदा म्हणाली, "काय गो बकुळा, उथळ पाण्यात काय वाईट आहे? रोज भिजायला मिळतंय ना?"

बकुळाताईंनी टोपी नीट केली. "माझ्या आजोबांच्या वेळी आमच्या माणसांना तळ्याच्या पाण्याला हात लावायची बंदी होती. मी आत उतरलेय, तुळसा. अर्ध्यातून परत यायला नाही उतरले."



यंदा बॅचने ठरवलं की प्रौढांची पोहण्याची स्पर्धा आपणच भरवायची. वयोगटाप्रमाणे शर्यती, बाहेरच्या तलावांनाही आमंत्रण. साठीपुढच्या बायकांची पंचवीस मीटर सर्वात आधी. प्रशिक्षक सीमा मॅडम बकुळाताईंना म्हणाल्या, "हीच तुमची परीक्षा धरू. शेवटपर्यंत आलात की पास हातात."

"आणि दोर धरला तर उद्यापासून मी येणार नाही," बकुळाताई म्हणाल्या. "चार वर्षं पुरे झाली." त्या चिडून बोलल्या असत्या तर मी मनावर घेतलं नसतं. पण त्या शांतपणे बोलल्या, म्हणजे खरंच येणार नव्हत्या.

स्पर्धेची सगळी व्यवस्था शरच्चंद्र अप्पांकडे होती. अप्पा लालबागचे. चाळीस वर्षं गणपतीच्या मंडळात सजावट सांभाळलेला माणूस. त्यांच्या हाती कार्य दिलं की तोरण येणारच. रविवारी पहाटे ते दादरच्या फुलबाजारातून झेंडूच्या माळांच्या दोन टोपल्या घेऊन आले आणि पाचही दोरांना माळा गुंडाळल्या. शेवटी मागे सरकून, कमरेवर हात ठेवून आम्हाला बघत राहिले. खरं सांगतो मित्रांनो, मी फार देखणा दिसत होतो.

साडेसातला बाहेरून मुख्य पंच आले. त्यांनी तलावाकडे पाहिलं, मग अप्पांकडे.

"हे काय आहे?"

"पाहुणे येणार, सर. शोभा नको?"

"पाकळ्या फिल्टरमध्ये जातील, चष्म्यांना चिकटतील. आणि चकत्यांचे रंगच झाकलेत. पोहणाऱ्याला भिंत जवळ आली हे कळणार कसं? काढा सगळं."

मग एकच धांदल. पाहुणे दारात आणि अप्पा गुडघाभर झेंडूत. माझ्यावरच्या गाठी काही केल्या सुटेनात, तेव्हा त्यांनी माझं एक टोक सैल केलं, माळ ओढून काढली आणि टोक परत हुकाला अडकवलं. दोर ताणायचा पाना मात्र खिशातच राहिला, कारण तेवढ्यात चहावाला आला. मी सैल पडलो आहे हे फक्त मला कळत होतं, आणि मला तोंड नाही.

शिट्टी झाली. चौथ्या लेनमध्ये तुळसाबाई, पाचव्यात बकुळाताई. तुळसाबाई समुद्रातल्यासारखी मान वर काढून निघाली, पाय असे मारत की काठावरची मंडळी भिजली. तिच्या लाटांनी मला ढकललं, आणि मी, सैल मेला, वाहत वाहत थेट पाचव्या लेनमध्ये शिरलो.

बकुळाताई शांत येत होत्या. दहा मीटर. बारा. दर हाताला मी त्यांच्या आणखी जवळ. इतकी वर्षं कुणी धरावं म्हणून पाण्यात पडून राहिलो, आणि आता मला लांब पळायचं होतं.

पंचांनी ते पाहिलं. "दोर सैल आहे. शर्यत थांबवतो." त्यांनी शिट्टी तोंडाला लावली.

"नका थांबवू, सर," सीमा मॅडम हातात लांब काठी घेऊन काठाने बकुळाताईंच्या बरोबरीने चालत होत्या. "आता थांबल्या तर परत उतरणार नाहीत. मी आहे बाजूला."

पंचांची शिट्टी ओठांपाशीच राहिली.

पंधरावा मीटर. लाल चकती. बकुळाताईंचा उजवा हात पुढे आला आणि बरोबर माझ्यावर पडला. त्यांची बोटं वाकली. ती पकड मी चार वर्षं ओळखत होतो. धरू नका ताई, मी मनात म्हणालो, तुमच्या पाया पडतो, धरू नका.

बोटं उघडली. त्यांनी हाताच्या पाठीने मला बाजूला ढकललं, रस्त्यात आडव्या आलेल्या गाईला ढकलावं तसं, आणि पुढचा हात मारला. मग आणखी एक. खाली काळोख होता, त्या त्याच्यावरून गेल्या. तुळसाबाई कधीची पोचून भिंतीला टेकली होती आणि पाण्यावर थापा मारत ओरडत होती, "ये गो बाय, ये!" बकुळाताईंनी भिंतीला हात लावला. एक मिनिट बावीस सेकंद. सगळ्यांत शेवटच्या.

त्यांनी चष्मा वर केला. "माझा हात लागला दोराला. बाद का?"

पंच म्हणाले, "हात लागला, आधार घेतला नाही. नियम ओढण्याविरुद्ध आहे. वेळ धरली जाईल. चूक दोराची आहे."

ऐकून मला फार लागलं. पण अप्पा पुढे आले, खिशातून पाना काढला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "दोराची नाही, सर. माझी. फुलं काढली आणि ताण द्यायचा राहिला." मग ते स्वतः काठावर गुडघे टेकून बसले आणि त्यांनी मला नीट आवळलं. बकुळाताई पाण्यातूनच म्हणाल्या, "अप्पा, पुढच्या वर्षी फुलं दारावर लावा." सगळे हसले, अप्पाही.

मित्रांनो, म्हणून तुमच्याकडे एवढंच मागणं. आम्हा दोरांवर लोंबकळू नका, वापर झाला की ऊन लागणार नाही असं गुंडाळून ठेवा, आणि पाण्यात सोडताना ताण बघा. सैल दोर कुणाच्या वाटेत जाईल, सांगता येत नाही. भीती वाटली तर मात्र मला खुशाल धरा, त्यात लाज कसली?

सोमवारी बकुळाताई पास घेऊन खोल बाजूला उतरल्या. माझ्या शेजारून चार फेऱ्या मारल्या आणि एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मी दिवसभर खुशीत होतो.