पाऊण नख

मित्रांनो, मी मोरपंखी नेलपॉलिशची एक जुनी बाटली आहे. माझ्या पोटातला रंग केव्हाच वाळून खडा झाला. मला हलवलंत तर आतली गोळीसुद्धा वाजत नाही. दुःख वगैरे काही नाही. बाटलीला फारसं काही वाटत नसतं.

माझा जन्म बडोद्याजवळच्या सावली गावात, एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. देशाची दारं उघडली, असं तेव्हा पेपरात रोज छापून येई. त्या दारातून येणाऱ्या परदेशी मालाशेजारी मला उभं राहता यावं, म्हणून मालकांनी माझ्या पोटावर पॅरिसच्या मनोऱ्याचं चित्र चिकटवलं. तेवढ्यावर मी मंगळबाजारात परदेशी म्हणून खपले. मला उचललं निरुपमाबाईंनी.

निरुपमाबाई फतेगंजकडच्या एका मराठी शाळेत हंगामी शिक्षिका होत्या. त्यांची नेमणूक दर वर्षी नव्यानं होई, किंवा होत नसे. बडोद्यात नवरात्र जवळ आलं की मुली गरब्यासाठी नखं रंगवून शाळेत येत आणि मुख्याध्यापिका कमळाबाई त्यांना वर्गाबाहेर उभं करत. बाईंनी त्या नखांचाच उपक्रम केला. उपक्रम म्हटलं की शाळेत बरंच काही चालतं.

"अंगठ्याचं नख पूर्ण रंगवा, तो एक," बाई म्हणाल्या. "तर्जनीचं अर्धं, मधल्या बोटाचं एक तृतीयांश. अनामिकेचं पाऊण, करंगळीचं पाव."

"बाई, मग होमवर्क पार्लरमध्ये जमा करायचा?" कोमलनं विचारलं. वर्ग हसला. बाईही हसल्या.

पण काम सुरू झालं. मी किती वेळात वाळते, पंख्याखाली किती आणि उन्हात किती, हे विज्ञानाच्या वहीत गेलं. नख वाढतं तसा मुळाशी उघडा पट्टा दिसतो, तो मुलींनी पट्टीनं मोजला. जुन्या लुगड्यांचे काठ चित्रकलेच्या तासाला नखांवर उतरले. माझा ब्रश इतक्या हातांतून फिरला की त्याचे केस गळाले. त्याच आठवड्यात शाळातपासणी झाली. साहेबांनी चहा घेतला, मुलींचे पंजे पाहिले आणि "अभिनव!" म्हणाले. उपक्रम आपलाच असल्यासारख्या कमळाबाई लाजल्या. माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणतात ते एवढंच.

त्या वर्गात मैथिली होती. नववीत आली तरी अपूर्णांक दिसला की ती पेन खाली ठेवायची. तिचे वडील मोहनराव रिफायनरीत होते. त्यांनी घरी सांगून टाकलं होतं, "सहामाहीला गणितात नापास झालीस तर शाळा बंद. मांजलपूरला आत्याकडे राहायचं आणि शिवण शिकायचं." शिवणातही पाऊण मीटर असतं, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. नखांवर मात्र मैथिलीला अपूर्णांक दिसू लागले. निरुपमाबाईंनी मला तिच्याकडेच देऊन टाकलं. म्हणाल्या, "नखावर जे आहे ते खरं ठेवायचं. रंग उडाला की लगेच भरायचा."

दसरा झाला आणि सहामाही आली. गणिताच्या पेपराला मी तिच्या कंपासपेटीत होते. अर्ध्या तासानं तिनं मला बाहेर काढलं आणि शांतपणे माझं झाकण उघडलं. माझा वास साऱ्या वर्गात पसरला.

पहाऱ्यावर पी.टी.चे प्रतापसिंहराव होते. "कोण रॉकेल घेऊन बसलंय?" त्यांनी विचारलं. मग मी दिसले. "परीक्षा आहे की मांडव? शुं चाले छे आ?" रागावले की ते गुजरातीत जात.

"सर, माझं पाऊण उडालं होतं," मैथिली म्हणाली. "ते अर्धं दिसायला लागलं."

"काय उडालं?"

तिनं अनामिका पुढे केली. सरांनी दहाही नखं पाहिली, आखलेली, मापून रंगवलेली. त्यांना जे समजायचं ते समजलं: कॉपी. मैथिलीचा पेपर काढून घेतला गेला आणि मी पुरावा झाले.

कमळाबाईंच्या खोलीत मला टेबलाच्या काचेवर ठेवलं. मोहनराव ड्यूटी सोडून आले होते. मैथिली रडत नव्हती. ती आजच्या माझ्यासारखी उभी होती, आत सगळं घट्ट झाल्यासारखी.

"निरुपमा, हे तुमचंच ना?" कमळाबाईंनी विचारलं. साहेबांना हेच पंजे त्यांनीच दाखवले होते, तो विषय कोणी काढला नाही.

निरुपमाबाईंची नेमणूक त्याच महिन्यात नव्यानं व्हायची होती. त्या काचेकडे बघत म्हणाल्या, "हो बाई. मीच शिकवलं."

"मग हिनं चोरी केली की अभ्यास?" मोहनराव म्हणाले. "एक काय ते सांगा. मला परत कामावर जायचंय."

 कमळाबाई मैथिलीकडे वळून म्हणाल्या, "पुसून टाक सगळं. आणि इथंच, माझ्यासमोर लिही."

प्रयोगशाळेतून अ‍ॅसिटोन आलं. कापूस मोरपंखी झाला, नखं फिकट झाली. प्रतापसिंहरावांनी चष्मा पुसून ती पुन्हा तपासली. मैथिली पेपर समोर घेऊन बसली आणि बसूनच राहिली. मग तिनं उजव्या हाताच्या बोटानं डाव्या अनामिकेचं टोक झाकलं, पाव नखाइतकं. आणि लिहायला लागली.

"आता काय बघतेयस?" मोहनराव म्हणाले. "काही नाहीये त्यावर."

"आहे बाबा," ती मान वर न करता म्हणाली.

ती पास झाली, काठावर. मोहनरावांनी शिवणाचा विषय पुन्हा काढला नाही. निरुपमाबाईंची नेमणूक मात्र झाली नाही. नखांवर कोणताही विषय शिकवू नये, अशी सूचना फळ्यावर लागली. मला ऑफिसच्या कपाटात टाकलं. झाकण कोणी नीट लावलं नाही, म्हणून मी वाळले. शाळेत पुढे संगणक आले, कमळाबाई निवृत्त झाल्या, कपाट तेच राहिलं.

तेव्हा मित्रांनो, वस्तू वापरून झाली की तिचं झाकण घट्ट लावा, हे मी सांगायला हवं आणि सांगते. पण माझं झालं ते झालं. मुलींचं तेवढं सांभाळा. त्यांना बोटांवर शिकवलंत, तर त्या परीक्षेला बोटं घेऊनच येणार.