सागाला चुना

प्लासिडने वनखात्यातून निवृत्त झालेल्या सावेसाहेबांना आणलं, तेव्हाच हिलरीच्या पोटात दुखायला लागलं. दोघे चुलतभाऊ, राहायला पापडीत. तुंगारेश्वरच्या पायथ्याशी त्यांचे सागाचे तुकडे लागून होते. विरळणीचा, म्हणजे झाडांची दाटी कमी करायचा, परवाना एकत्र, तोडणारे मजूरही तेच. पण तज्ज्ञ आणायची अक्कल प्लासिडला सुचली, ही गोष्ट हिलरीला पचेना.

सावे चुन्याचा डबा घेऊन दोन्ही तुकड्यांत फिरले. हिलरी लांब बांधावर बसून राहिला. प्लासिडच्या पाहुण्याला काय विचारायचं?

संध्याकाळी तो बघतो तर प्लासिडच्या बाजूला खोडाखोडावर पांढरे पट्टे, आणि आपल्याकडे इनमिन चार. तेही वाकड्या, फाटे फुटलेल्या झाडांवर. त्याचा जळफळाट झाला. पापडीच्या वाडीत चुना लागतो तो लाडक्या आंब्याला, चिकूला. म्हणजे प्लासिडची रोपटी जातिवंत, आणि बापाच्या हातची आपली सरळसोट झाडं कुचकामी? घरावर माडी चढवायची तर याच सागाची, हे त्याने कधीचं ठरवलं होतं. फक्त खोडं अजून भरायची होती.

दुसऱ्या दिवशी त्याने घरचा चुना कालवला आणि आपल्या उत्तमातल्या उत्तम झाडांना एकेक पट्टा ओढला. सावेंपेक्षा रुंद. मग कुठे त्याला झोप लागली.

मजूर आले त्या रविवारी हिलरी मिस्सा आटोपून सावकाश निघाला. पोचला तेव्हा त्याची सरळ झाडं आडवी पडली होती, आणि वाकडी चारही. ज्याला पट्टा ते तोडायचं, एवढाच हिशेब मजुरांना सांगितलेला. हिलरीने स्वतःच्या हाताने स्वतःला चुना लावला होता.

"मी अडवणार होतो," प्लासिड म्हणाला. "पण पट्टे तुझ्याच हातचे दिसले. वाटलं, माडीची घाई असेल."

"या असल्या कोवळ्या लाकडाची?" हिलरी आडव्या खोडांकडे बघत म्हणाला.

"तुझी झाडं बघूनच तर सावेंना आणलं रे. म्हटलं, माझं वाकडंतिकडं सगळं काढा, पण हिलरीसारखा साग करून द्या. किती वर्षं जळत होतो तुझ्यावर."

हिलरीने पलीकडे पाहिलं. प्लासिडची उरलेली झाडं मोकळी, उन्हात उभी होती. लाज वाटायला हवी होती, ती वाटलीही. पण त्याआधी हेवाच वाटला. नखांत अजून चुना होता, म्हणून त्याने हात खिशात घातले.