फोटोपुरतं फाटकं

सोनपेठला मिशनच्या दोन खोल्या होत्या. तिथं राहणारी मार्था डेन्मार्कहून आलेली नर्स. मराठी ती पुस्तकातून थोडी आणि एसटीत बसून जास्त शिकली होती. कुणाचं लेकरू मांडीवर घेऊन, कुणाची कोंबडी पायाशी सांभाळत ती पाथरीपासून पोखर्णीपर्यंत हिंडायची आणि उतरली की औषधांची पेटी घेऊन पायी निघायची. तिच्या करपलेल्या भाकरीला बायका पोट धरून हसायच्या.

बहात्तरच्या दुष्काळात दुधाच्या भुकटीसाठी तिनं मायदेशी मिशनच्या कचेरीला तारांवर तारा केल्या. आल्या त्या नुसत्या प्रार्थना. त्या उन्हाळ्यात जवळच्या एका गावच्या वस्तीतल्या सुलाबाईची तान्ही नात मार्थाच्या हातातच गेली.

पुढं पाऊस झाला, ज्वारी पिकली, आणि मग कचेरीचे सेक्रेटरी पॉलसेनसाहेब आले. गळ्यात कॅमेरा. मार्थानं त्यांना जीपमधून सुलाबाईकडं नेलं.

पाहुणे येणार म्हणून सुलाबाईनं अंगण सारवलं होतं, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, पितळी भांडी घासून मांडली होती. चहा झाला. साहेबांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला.

"हिला जुनं, फाटकं काहीतरी नेसून यायला सांग," ते आपल्या भाषेत मार्थाला म्हणाले. "आणि ती भांडी आत ठेवू दे."

"का?"

"असा फोटो पाहून कोण दान देईल?"

"दुष्काळ संपलाय, साहेब."

"तिकडं कुणाला ठाऊक आहे?"

मार्थाची कानशिलं तापली.

"काय म्हनायलेत साहेब?" सुलाबाईनं विचारलं.

काहीतरी थाप मारून वेळ निभावून नेता आली असती. मार्थानं ती मारली नाही. शब्दन् शब्द सांगितला.

सुलाबाई उठली. "छप्पन साली आमी धम्म घेतला. मेलेलं ढोर वढायचं सोडलं, मागून आनलेलं फाटकं नेसायचं सोडलं. त्यापायी माह्या सासऱ्यानं गावाचा मार खाल्ला. आन् ह्यो मानूस मला परत फाटकं नेसवायलाय? फोटोपुरतं? इचार त्येला, माही नात मरायली तवा ह्यो कुठं व्हता?"

मार्थानं विचारलं. आवाज इतका चढला की शेजारची मालनबाई दारात आली.

"भाषांतर कर, भांडू नकोस," साहेब म्हणाले.

"हा प्रश्न माझाही आहे. दोन वर्षांपासून आहे."

साहेबांनी कॅमेरा पिशवीत घातला आणि ते जीपकडं चालू लागले. मार्था जागची हलली नाही. सुलाबाई आपल्या बाजूनं बोलेल असं तिला वाटलं होतं, पण सुलाबाईचा संताप तिच्याकडंच वळला.

"तू बी त्येच्याच गाडीत आलीस की!"

"मला ठाऊक नव्हतं, सुलाबाई."

"मंग इचारायचं व्हतं. माह्या दारात आनायच्या आधी."

मार्था सडकेपर्यंत पायी गेली आणि एसटीची वाट पाहत उन्हात उभी राहिली. साहेबांवरचा राग आणि स्वतःवरचा राग तिला वेगळे करता येईनात.

जीपचा ड्रायव्हर मुंजाजी दुसऱ्या दिवशी सांगत आला. साहेबांना फोटो मिळाला होता. पुढच्या गावात तापानं फणफणलेली एक म्हातारी होती, तिलाच उन्हात आणून बसवलं. "तुमी नव्हत्या, बाई. तिला कुनी काई इचारलंच न्हाई."

मार्था पेटी घेऊन तडक त्या गावी गेली. म्हातारीला औषध दिलं, पण तिच्या डोळ्याला डोळा भिडवता येईना.

त्या वर्षाअखेर मिशननं तिला डेन्मार्कला परत बोलावलं. तिच्या तिकडच्या गावच्या चर्चमध्ये तिला हिंदुस्थानातल्या कामाबद्दल बोलायला उभं केलं. साहेब पहिल्याच बाकावर होते. मार्थानं नातीचं सांगितलं, लुगड्याचं सांगितलं, म्हातारीचं सांगितलं. कुणी खोकलं, कुणी उठून गेलं. पाद्री मध्येच भजन सुरू करायला निघाले.

"थांबा," मार्था म्हणाली. "माझं व्हायचंय अजून."

आणि ती बोलत राहिली.