सोमवारी ये

श्रीरंग पोतनीसला जगातल्या कुठल्याही भानगडीवर मत होतं, आणि ऐकून घ्यायला माणूस मिळाला नाही तर तो ते बंदुकीला ऐकवायचा. ही थट्टा नाही. लुडविग्सहाफेनच्या रंगाच्या कारखान्यातला हा मिरजेचा केमिस्ट दर रविवारी सकाळी खिडकीशी बसून बंदूक पुसायचा, आणि नळीतून गज फिरवता फिरवता सुएझ, हंगेरी, अल्जीरिया या सगळ्यांचा निकाल लावून टाकायचा. खालच्या मजल्यावरची घरमालकीण सुरुवातीला घाबरायची. तिला वाटायचं, वर कोणीतरी पाहुणे आलेत आणि भांडण पेटलंय.

बंदूक तशी साधीच, नेमबाजीच्या क्लबातली, पन्नास मीटरवरच्या कागदावर मारायची. श्रीरंगनं आयुष्यात चिमणीसुद्धा मारली नव्हती. पण त्याच्या आजोबांची ठासणीची बंदूक इंग्रजांच्या हुकमानं जमा झाली होती ती झालीच, आणि ही गोष्ट वडिलांनी त्याला लहानपणी इतक्यांदा सांगितली होती की बंदूक म्हणजे स्वातंत्र्य हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ज्याच्या घरातून सरकार बंदूक नेतं त्याच्या तोंडातली जीभही एक दिवस नेतं, असं तो म्हणायचा. जर्मनमध्ये हे वाक्य आणखीच जड व्हायचं.

पुसायला कापड मात्र मिरजेचं. जर्मन दुकानातली कापडं खरखरीत, त्यांनी नळी खराब होते, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्याची आई आपलं जुनं लुगडं विरलं की त्याचे हातरुमालाएवढे तुकडे करून, कडा दुमडून शिवून, पुडकं बांधून पाठवायची. नवरा गेलेली, एकटी बाई. मुलगा बंदुका कशाला खेळतो हे तिला कधी कळलं नाही, पण त्याला कापड लागतं एवढं कळलं होतं.

क्लब गुरुवारी संध्याकाळी भरायचा. तिथे श्रीरंगचं भाषण रोखणारा एकच माणूस होता, कोनराड श्मिट. सत्तरीला आलेला, बंदुका दुरुस्त करण्याचा धंदा केलेला, बायको गेलेली, मूलबाळ नाही. श्रीरंग एकदा रंगात येऊन म्हणाला की लोकांच्या हाती बंदुका असत्या तर कुठल्या हुकूमशहाची टाप नव्हती. कोनराडनं बियरचा पेला खाली ठेवला.

"हेर पोतनीस, तेहतीस साली हिटलर आला तेव्हा माझ्या दुकानात चाळीस बंदुका होत्या," तो म्हणाला. "एकही काही बोलली नाही."

श्रीरंग त्या दिवशी लवकर घरी गेला. पुढच्या गुरुवारी त्याच्याकडे याचंही उत्तर तयार होतं, ते सोडा. पण दोघांची गट्टी जमली ती तेव्हापासून.

कोनराडची एक भाची होती, इंगे. पूर्व बर्लिनमध्ये पांको भागात राहायची, तिथल्या हॉस्पिटलात नर्स होती. अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात ती मामाकडे आली आणि मामा तिला क्लबात घेऊन गेला. श्रीरंगचं नेमकं तेव्हाच स्वातंत्र्यावर चाललं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचं हे स्वातंत्र्य किती लांब आहे?"

"पन्नास मीटर," कोनराड म्हणाला.

सगळा क्लब हसला. श्रीरंगही हसला, आणि तिथंच तो तिच्यात अडकला. मग तिनं त्याच्या हातातलं कापड पाहिलं, जांभळ्या काठाचं, मऊ झालेलं. हे काय म्हणून विचारलं. आईची साडी आहे असं त्यानं सांगितल्यावर ती जरा वेळ त्या काठावरून बोट फिरवत राहिली. "जी बाई स्वतःच्या साडीला इतकी बारीक शिवण घालून बंदूक पुसायला देते, तिला मला भेटायचंय," ती म्हणाली.

पुढची तीन वर्षं पत्रांवर आणि विमानाच्या तिकिटांवर गेली. तो पश्चिम बर्लिनला जायचा, ती लोकलनं दोन स्टेशनं ओलांडून यायची, वेडिंग भागात तिची मावशी राहायची तिच्याकडे दोघं भेटायची. लग्नाचं ठरलं. अडचण बर्लिनची नव्हतीच, अडचण मिरजेची होती. आईनं पहिल्या पत्राला उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याला दिलं ते चार ओळींचं. मग आठ महिने काहीच नाही, लुगड्याचे तुकडेसुद्धा नाहीत. जगाला स्वातंत्र्य शिकवणारा हा गडी त्या आठ महिन्यांत पार खचला. रोज कारखान्यातून आला की आधी टपालाची पेटी उघडायचा आणि मग टोपी काढायचा.

एकसष्टच्या जुलैत त्यानं आईला स्पष्ट लिहिलं. अकरा ऑगस्टला, शुक्रवारी, मी तिला इकडे माझ्या घरी घेऊन येतोय, ती तिकडचं घर कायमचं सोडणार, तुझा आशीर्वाद असला तर बरं, नसला तरी मी तुझाच.

दोन ऑगस्टला उत्तर आलं.

"चि. श्रीरंग यास अनेक आशीर्वाद. तू ऐकणार नाहीस हे मला कळून चुकलं आहे आणि मलाही आता अबोला धरवत नाही. मुलगी माणसाची आहे एवढं पुरे. माझं एकच मागणं. शुक्रवारी अवस आहे. पंचांगात ग्रहणही दिलं आहे, आपल्याकडे दिसणार नाही म्हणतात, पण तुमच्याकडचं कोणी सांगावं. त्या दिवशी तिला घराचा उंबरा ओलांडू देऊ नकोस. सोमवार श्रावणातला पहिला सोमवार आहे. माझा सोमवारचा नेम तुला ठाऊक आहे, तुझे वडील गेले तेव्हाही मोडला नाही. त्या दिवशी तिला आण. मी इथे तिच्या नावानं देवापुढे दिवा लावीन."

श्रीरंग अवसबिवस काही मानत नव्हता. कॉलेजात असताना मुद्दाम अवसेला प्रवासाला निघून त्यानं आईला रडवलं होतं. पण तीन वर्षांत आईनं पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि तेही किती, तर तीन दिवस. तो पत्र हातात धरून आनंदानं रडला. खरंच रडला. मग त्यानं इंगेला लिहायला घेतलं.

पत्रं तिकडे फोडली जात, म्हणून त्यांची सांकेतिक भाषा ठरलेली होती. तिच्या निघण्याच्या दिवसाला दोघं मावशीचा वाढदिवस म्हणायची. श्रीरंगनं लिहिलं, "मावशीचा वाढदिवस शुक्रवारी नको. सोमवारी ये." कारण लिहिलं नाही. चोरून वाचणाऱ्यांसमोर अमावास्या कशी समजावून सांगायची.

कोनराडला सांगितलं तेव्हा म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "बदलू नका," तो म्हणाला. "माणसं तिकडून हजारोंनी निघतायत. तिथलं सरकार ते फार दिवस बघत बसणार नाही."

आणि इथे श्रीरंगच्या मतांनी दगा दिला. त्यानं कोनराडला समोर बसवलं आणि तासभर जगाचं राजकारण समजावलं. चार देशांचे करार आहेत, अमेरिकेचे रणगाडे आहेत, एका शहराची गटारं एक, तारा एक, रूळ एक, ते मधोमध कापणार कसं? तात्पर्य, तीन दिवसांत काही होत नसतं. कोनराडनं एवढंच विचारलं की मग पुढे ढकलायचं कारण काय. बंदूक आणि स्वातंत्र्य यांवर इतकं बोललेल्या माणसाला, आईनं अवसेला नको म्हटलंय, हे सांगायची लाज वाटली. घरगुती कारण आहे, असं तो म्हणाला.

नऊ तारखेला इंगेचं कार्ड आलं. "केक तीन दिवस टिकतो. सोमवारी."

तेरा ऑगस्टला रविवार होता. श्रीरंग खिडकीशी बसून बंदूक पुसत होता, आणि आईच्या नव्या पुडक्यातलं कापड काढलं होतं. जिन्यावर पावलं वाजली. कोनराड टोपीशिवाय आला होता. त्या माणसाला क्लबात कोणी टोपीशिवाय रस्त्यावर पाहिलं नव्हतं.

"रेडिओ लाव," तो म्हणाला. पहिल्यांदाच तो अरेतुरेवर आला होता.

बातम्या ऐकता ऐकता श्रीरंगनं बंदूक मांडीवरून खाली ठेवली. पूर्व आणि पश्चिम बर्लिनच्या मधोमध रात्रीत काटेरी तारा ओढल्या होत्या. लोकल बंद होती. पांको आणि वेडिंग यांच्यामधली ती दोन स्टेशनं आता दोन देशांत होती. कोनराड पलंगाच्या कडेवर बसला आणि ओंजळीत तोंड धरून राहिला. त्यानं एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

सोमवारी, श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, श्रीरंग ठरल्याप्रमाणे बर्लिनला उतरला. मावशीच्या घरी टेबलावर खरंच केक होता. मंगळवारी तो तारांपाशी गेला. आणि गंमत बघा, त्याला कोणी अडवलंच नाही. पहाऱ्यावरच्या पोरसवदा शिपायानं पासपोर्ट पाहिला, "इंडिएन? बिट्टे," म्हणाला आणि हसून बाजूला झाला. त्याच्या गळ्यात बंदूक होती. तिचं वजन किती, तिच्यात गोळ्या किती, ती कुठे अडकते, हे श्रीरंगला त्या शिपायापेक्षा जास्त माहीत होतं, आणि त्या माहितीचा शेंगदाण्याएवढासुद्धा उपयोग नव्हता. तो हवं तेव्हा जाऊ शकत होता, हवं तेव्हा येऊ शकत होता. तिला मात्र ते दोन स्टेशनांचं अंतर आता बंद होतं.

इंगे हॉस्पिटलच्या जवळच्या बागेत बाकावर बसली होती. नर्सचे पांढरे बूट तसेच पायांत होते. तो शेजारी बसल्यावर तिनं त्याचा हात हातात घेतला आणि समोर पाहत बोलायला लागली.

"शुक्रवारी मी निघाले होते, श्री. इथं सगळ्यांचं काहीतरी बिनसल्यासारखं वाटत होतं. वॉर्डात अर्ध्या नर्स उरल्या होत्या. म्हटलं, सोमवार कशाला, आजच जाते आणि मावशीकडे तुझी वाट बघते. पर्समध्ये सर्टिफिकेट आणि आईचा फोटो घेतला. फलाटावर उभी राहिले. गाडी आली, दार उघडलं. मग वाटलं, श्रीनं सोमवार म्हटलंय, तो सगळ्या जगाचा विचार करतो, त्याला काहीतरी कळलं असेल. शुक्रवारी धोका असेल. म्हणून परत गेले."

श्रीरंगनं मोकळ्या हातानं टोपी काढली.

"काय कळलं होतं तुला?" तिनं विचारलं.

दहा खोटी कारणं त्याच्या जिभेवर येऊन गेली. तिकीट मिळालं नाही, साहेबानं सुट्टी दिली नाही, क्लबात स्पर्धा होती. पण या बाईशी तो खोटं बोलू शकला नाही.

"अमावास्या होती," तो म्हणाला. "नॉयमोंड. आमच्यात त्या दिवशी नवी सून घरातून निघत नाही. आईनं हो म्हटलं, पण सोमवारी आण, मी तिच्या नावानं देवापुढे दिवा लावीन, म्हणाली. तीन वर्षांत तिनं एवढंच मागितलं."

इंगेला आधी वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मग ती हसली. बराच वेळ हसली, येणारेजाणारे वळून बघायला लागले, आणि हसता हसता तिचे खांदे गदगदायला लागले. त्यानं तिला जवळ घेतलं. ती शांत झाली तेव्हा बाग रिकामी होत आली होती.

"काल तिनं दिवा लावला असेल?" तिनं विचारलं.

"लावला असेल."

"मग तिला काही सांगू नकोस," ती म्हणाली. "कधीच नको. मला वचन दे."

त्यानं दिलं.

परत येताना त्याच शिपायानं त्याला हात केला. घरी आल्यावर श्रीरंगनं बंदूक कोनराडकडे नेऊन दिली. आता यात काही राहिलं नाही, एवढंच म्हणाला. कोनराडनं तिला तेल लावून कपाटात कुलपात ठेवली. डिसेंबरात गोवा मोकळा झाला तेव्हा क्लबातल्या लोकांनी मुद्दाम निरोप धाडला की पोतनीसांना घेऊन या, त्यांचं मत ऐकायचंय. तो गेला, एक बियर प्याला आणि काही न बोलता उठून आला.

तीन वर्षं तो दर दोन-तीन महिन्यांनी पांकोला जात राहिला. त्यांनी अर्ज केले, ते नामंजूर झाले. आईला तो कागदपत्रांमुळे लग्न लांबतंय एवढंच लिहायचा. प्रत्येक भेटीनंतर हॉस्पिटलात तिला खोलीत बोलावून प्रश्न विचारले जायचे. चौसष्टच्या वसंतात तिनं त्याच बाकावर त्याला सांगितलं की आता येऊ नकोस, माझ्याच्यानं आणखी होत नाही, एक्स-रे विभागात एक भला माणूस आहे. श्रीरंग म्हणाला, बरोबर आहे. दुसरं काय म्हणणार.

आईला त्यानं लिहिलं की मुलीनं विचार बदलला. उत्तर महिन्याभरानं आलं, सोबत नेहमीचं पुडकं. बंदूक गेल्याचं आईला माहीत नव्हतं, त्यामुळे तुकडे येतच होते. कपाटाचा एक खण त्यांनी भरला होता.

"चि. श्रीरंग यास अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. मी तिच्यासाठी दर श्रावणात दिवा लावत होते. पण मनाला लावून घेऊ नकोस, त्या मुलींचा काही नेम नसतो. एक मात्र बरं झालं. तू तेव्हा माझं ऐकलंस, अवसेला तिला आणली नाहीस. काहीतरी मोठं संकट टळलं, एवढं लक्षात ठेव. कापड पाठवते आहे, या वेळचं जास्त मऊ आहे."

श्रीरंगनं पत्र दोनदा वाचलं. पुडकं सोडलं. जांभळ्या काठाचा तुकडा होता, कडेला तीच बारीक शिवण. त्यानं तो तोंडावर धरला आणि मोठ्यांदा रडला. खालची घरमालकीण जिन्यात येऊन उभी राहिली आणि परत गेली.

मग त्यानं डोळे पुसले, ते त्याच तुकड्यानं, आणि लिहायला बसला.

"ती. आईस साष्टांग नमस्कार. होय आई, टळलं. कापड मिळालं, फार छान आहे. बंदूक दर रविवारी नेमानं पुसतो."